भाकरवडी ५९ दिवस जेवली नाही

उत्तरायण (इथली पतंगांची संक्रांत) करूनच निघणार, असं म्हणत म्हणत ऑफिसमधला मित्र शेवटी १८ जानेवारीला कॅनडाला गेला. बडोद्यात हल्ली यात नवीन काही नाही, दर दोन महिन्यांनी कोणीतरी जातंच, आणि जायच्या आधी सामान वाटायचा कार्यक्रम असतो, एकाला ॲक्टिवा, एकाला वॉशिंग मशीन, गादी वॉचमनला. मला साप मिळाला.

आधी तीन जणांनी नाही म्हटलं होतं, चौथी मी. गोत्रीला त्याच्या घरी दोन वर्षं तिला बघत होते. एकदा हातात घेतली तेव्हा ती मनगटाला हळूच विळखा घालून बसली, गार, कोरडी, चांगली जड, आणि मला वाटलं बघा कसा विश्वास टाकला हिने. नंतर वाचलं की विश्वासबिश्वास काही नसतो, गरम फांदी मिळाली म्हणून बसतात. असो, तोपर्यंत मी हो म्हणून बसले होते.

तर ही बॉल पायथन. मादी, वय तीन वर्षं, साडेतीन फूट, वजन ७८० ग्रॅम. मूळची जात पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतली, घाना, टोगो, बेनिन त्या बाजूची. विष नाही. भीती वाटली की चावण्याऐवजी डोकं मध्ये घालून अंगाचा गोळा करून बसते, त्यावरूनच ते बॉल. मित्राने नाव ठेवलं होतं क्लिओ. आमच्या सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी दारातूनच वाकून बघितलं, तपकिरी अंग, त्यावर काळपट नक्षी, घट्ट गुंडाळलेली, आणि म्हणाल्या, "अगं, ही तर भाकरवडी." झालं. क्लिओ कॅनडाला गेली, घरात राहिली भाकरवडी. (पुण्याच्या लोकांनी इथे वाद घालू नये, भाकरवडी बडोद्याचीपण आहे आणि ही तर आमचीच आहे.)

तशी बडोद्याच्या माणसाला सरपटणाऱ्या प्राण्यांची फार नवलाई नाही. पावसाळ्यात विश्वामित्री फुगली की मगरी रस्त्यावर येतात, २०२४ च्या पुरात तर लोकांनी गॅलरीतून व्हिडिओ काढले. पण मगर बाहेर असते हो, आणि ही दांडिया बाजारात आमच्या हॉलमध्ये टीव्हीच्या शेजारी. कामाला येणाऱ्या मावशींनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "बेन, ए बाजू तमे जाते साफ करजो," म्हणजे तिकडचं तुमचं तुम्हीच साफ करा. नवरा म्हणाला कुत्रा आणला असता तर. मुलगा चौथीत आहे, त्याने शाळेत सगळ्यांना सांगितलं की आमच्याकडे ॲनाकोंडा आहे.

ज्याला कळतं तो पहिला प्रश्न हाच विचारतो की हे कायद्यात बसतं का, म्हणून ते एकदाचं सांगून टाकते. आपला भारतीय अजगर, धामण, नाग, कुठलाही इथला साप घरात ठेवता येत नाही, पिल्लू असलं तरी नाही, आणि अजगर तर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, सरळ गुन्हा. बॉल पायथन परदेशी, पण सायटीसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे. २०२२ ला वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली, मग फेब्रुवारी २०२४ ला नियम आले, की असे प्राणी घरात असतील तर केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करायची आणि मालकी बदलली तर तेही कळवायचं. मित्राची नोंद होती, म्हणूनच मी हो म्हटलं. कागद नसलेला साप कोणी फुकट दिला तरी घेऊ नका, खरंच.

आता मुद्द्यावर येते. ती जेवत नव्हती.

मित्राकडे शेवटचं जेवण १० जानेवारीला झालेलं. नवीन घरी आणल्यावर आठवडाभर हात लावायचा नाही, खायला द्यायचं नाही, निवांत बसू द्यायचं, एवढं माहीत होतं, ते केलं. २४ जानेवारीला पहिला उंदीर दिला, तिने बघितलंसुद्धा नाही. ४ फेब्रुवारीला परत दिला, तिने तोंड फिरवून गोळा केला. १४ तारखेला बघते तर डोळे दुधाळ निळसर झालेले, म्हणजे कात टाकायला आली होती, तेव्हा तर त्या सहसा खात नाहीत कारण धड दिसत नाही आणि चिडचिड असते. आणि ती कात निघाली ती तुकड्यातुकड्यात, जुन्या वॉलपेपरसारखी, शेपटीला एक कडं राहिलं. २५ ला परत दिला, परत नाही. प्रत्येक वेळी तो गरम केलेला उंदीर लांब नेऊन टाकायचं काम माझंच, कारण एकदा वितळवलेला परत गोठवायचा नसतो.

मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वाचत बसायचे. सगळीकडे हेच लिहिलेलं की बॉल पायथन उपाशी राहण्यासाठी प्रसिद्धच आहेत, तब्येतीने चांगली मोठी मादी महिनोन् महिने खात नाही आणि तिला काही होत नाही, वजन बघत राहा, दहा टक्क्यांच्या वर उतरलं तर काळजी. म्हणून वेगळा वजनकाटा आणला (स्वयंपाकघरातला वापरायला काढला होता, त्यावरून जे झालं ते लिहीत नाही). ७८० वरून ७४८. म्हणजे चार टक्के. डोक्याला पटत होतं, जिवाला नाही. घरात कोणी जेवलं नाही तर आपल्याकडे झोप येते का.

उत्तर सासूबाईंकडून आलं. एका दुपारी कुकर लावता लावता म्हणाल्या, "तू नवीन आलीस तेव्हा पहिले आठ दिवस काय जेवत होतीस? हॉलमध्ये पाहुण्यांसमोर ताट दिलं की तुला घास उतरत नव्हता. मी तुला आत स्वयंपाकघरात बसवून वाढायला लागले तेव्हा कुठे जेवलीस. आणि हिला तर चारी बाजूंनी काच."

खरंच की. मी टाकी हॉलमध्ये का ठेवली होती? प्लग पॉइंट तिथे होता हे एक कारण, आणि खरं सांगायचं तर आल्यागेल्याला दिसावी म्हणून. तीन फुटांची काचेची टाकी, वर जाळीचं झाकण, आत प्लास्टिकची एकच मोठी गुहा ज्यात तिच्यासारख्या तिघी मावल्या असत्या, बाजूला टीव्हीचा स्पीकर, सकाळ-संध्याकाळ आरतीची घंटा, आणि मुलाचे मित्र काचेवर टकटक करणार ते वेगळंच. सापाला बाहेरचा कान नसतो पण जमिनीतला हादरा त्याला बरोब्बर कळतो. आफ्रिकेत या दिवसभर कुठे असतात तर उंदरांच्या बिळात नाहीतर वाळवीच्या वारुळात. वारूळ म्हटल्यावर सासूबाईंना सगळं एकदम समजलं, मला उगाच चार लेख वाचायला लागले होते.

खायला घालायच्या शंभर युक्त्या सांगतात लोक, उंदराचा रंग बदला, वास बदला, डोकं असं धरा तसं धरा. माझा अनुभव विचाराल तर आधी घर बघा. भूक पोटात नाही, घरात असते हिची.

१ मार्चला टाकी मागच्या खोलीत नेली, जिथे फक्त शिलाई मशीन आणि दिवाळीचं सामान असतं. तीन बाजूंना बाहेरून काळा चार्टपेपर लावला. मोठी गुहा काढून दोन लहान लपायच्या जागा केल्या, एक गरम बाजूला, एक गार बाजूला, कारण एकच ठेवली तर तिला ऊब आणि लपणं यातलं एक निवडायला लागतं आणि ती लपणंच निवडणार. महागडे केव्हबिव्ह नाही आणले, मातीच्या कुंड्या आडव्या फोडून कडा घासून घेतल्या, आत शिरल्यावर तिची पाठ वर टेकेल एवढ्याच. अंग सगळीकडून दाबलं गेलं की त्यांना सुरक्षित वाटतं. उरलेल्या मोकळ्या जागेत वाळकी फांदी आणि खोटी पानं कोंबली. त्या रात्री ती कुंडीत गेली ती दोन दिवस बाहेर आलीच नाही, नुसतं नाक दिसायचं.

गरम करायची भानगड वेगळीच झाली होती. मित्राने हीटिंग पॅड दिलं पण त्याचा थर्मोस्टॅट (ठरवलेल्या तापमानाला पॅड बंद करतो तो) बहुतेक कुठल्यातरी खोक्यातून कॅनडाला गेला. जानेवारीत आपल्याकडे रात्री बाहेर ११-१२ डिग्री असतात, घरात गारठा, म्हणून मी पॅड तसंच प्लगला लावलं. चार दिवसांनी इन्फ्रारेड गनने काच मोजली तर ४७. सापाला पोटाखालचा चटका वेळेवर कळतोच असं नाही, तो तिथेच बसून राहतो आणि भाजतो. पोटावर काही नव्हतं, सुटले. मग अंडी उबवायच्या मशीनला लावतात तो स्वस्तातला डिजिटल थर्मोस्टॅट आणला, ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून नीट डब्यात बसवून घेतला (स्वतः वायरी जोडू नका), त्याचा सेन्सर गरम बाजूच्या कुंडीखाली. गरम बाजू ३१ ते ३३, गार बाजू २५ ते २७, रात्री २४ च्या खाली नको. बाकी काही नाही केलं तरी चालेल, थर्मोस्टॅटशिवाय पॅड लावू नका.

आणि ओलावा. ती कात तुकड्यात निघाली ती याच्यामुळे, हायग्रोमीटर ३८ टक्के दाखवत होता आणि पाहिजे साठच्या वर, कात टाकताना आणखी जास्त. जाळीच्या झाकणातून सगळा ओलावा उडून जातो, म्हणून पाऊण झाकण प्लास्टिकने बंद केलं, हवेला फट ठेवली. खाली वर्तमानपत्र होतं ते काढून नर्सरीत मिळतो तो नारळाच्या सोडणांचा चुरा तीन इंच घातला, कुंडीतल्या रोपांना घालतात तोच, खत न मिसळलेला बघून घ्यायचा. कोपऱ्यांतून पाणी ओतायचं, वरून शिंपडायचं नाही, म्हणजे खालचा थर ओला आणि वरचा कोरडा राहतो. सारखं ओल्यावर बसली तर पोटाची खवलं खराब होतात. शेपटीचं ते कडं ओढून काढायचा मोह फार झाला होता, पण ओल्या कपड्याच्या डब्यात तासभर ठेवली आणि ते आपसूक सुटलं.

१० मार्च. रात्री दहा वाजता खोलीत फक्त पॅसेजचा उजेड. उंदीर लांब चिमट्यात, पाठीकडून धरलेला, कुंडीच्या तोंडाशी नेला आणि हात थांबवला. नाक बाहेर आलं. जीभ लपलप. तिच्या ओठांच्या कडेने बारीक खळगे असतात, त्यांना उष्णता दिसते म्हणजे अक्षरशः दिसते, म्हणून उंदराचं डोकं जरा जास्त गरम ठेवायचं. मान इंग्रजी एससारखी मागे घेतली, मला वाटलं आता परत गोळा, आणि तेवढ्यात धप्प. मी ओरडले. हो, मीच ओरडले, सहा आठवडे ज्याची वाट बघत होते ते झाल्यावर मी ओरडले आणि चिमटा सोडून दिला. तिने तीन वेटोळे घातले, मेलेल्या उंदराला पुन्हा नीट मारला, आणि दहा-बारा मिनिटांनी डोक्याकडून गिळायला लागली. सासूबाई दारात उभ्या होत्या, मला माहीतच नव्हतं. "जेवली ना?" एवढंच म्हणाल्या आणि झोपायला गेल्या.

मुलाने विचारलं जबडा निखळतो का. निखळत नाही, खालच्या जबड्याची दोन हाडं पुढे जोडलेलीच नसतात, मध्ये ताणणारा दोर असतो, म्हणून एकेक बाजू पुढे सरकवत ती उंदरावर चालत जाते म्हणा ना. गिळून झाल्यावर दोनदा मोठ्ठी जांभई दिली, ते जबडा जागेवर बसवणं. पुढचे दोन दिवस हात लावायचा नाही, लावला तर उलटून टाकू शकतात.

उंदरांचं सांगायचं राहिलं. घरात पकडलेला, गल्लीतला उंदीर कधीच द्यायचा नाही, त्याच्यात जंत असतात आणि औषध खाऊन आला असेल तर साप गेला. जिवंत पण नाही, कोपऱ्यात सापडलेला उंदीर सापाला कुरतडतो, लोकांनी टाकलेले फोटो बघितलेत मी, पाठीचं मांस गेलेलं, आणि उंदराच्या बाजूनेही ते बरं नाही. सापांसाठीच पांढरे उंदीर वाढवणारा एक जण मित्राच्या ओळखीचा आहे, त्याच्याकडून गोठवलेले येतात, बर्फाच्या डब्यातून. माप म्हणजे तिच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाएवढी उंदराची जाडी, हिला साधारण ६५-७० ग्रॅमचा, दोन आठवड्यांनी एक. एवढंच! वर्षाचे पंचवीस-सव्वीस उंदीर, कुत्र्याच्या खर्चाच्या पासंगालाही पुरत नाही हे मी नवऱ्याला हिशोब करून दाखवलंय.

पण ठेवायचे कुठे. आमच्याकडे फ्रीजमध्ये अंडीसुद्धा खालच्या कप्प्यात, झाकून. सासूबाई म्हणाल्या, "गणपतीचं वाहन फ्रीजरमध्ये, माझ्या ओल्या नारळाच्या शेजारी? अजिबात नाही." म्हणून जुना छोटा फ्रीज घेतला, तो मागच्या खोलीत. आदल्या रात्री उंदीर फ्रीजरमधून खाली काढून ठेवायचा, दुसऱ्या दिवशी बंद पिशवीत घालून कोमट पाण्यात, शेवटी डोक्याला जरा हेअर ड्रायर. मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, बाहेरून शिजतो आतून बर्फ राहतो, कधीकधी फुटतो. चिमटा, बादली, हेअर ड्रायर सगळं वेगळं, आणि काही हाताळलं की कोपरापर्यंत साबणाने हात, कारण सरपटणाऱ्यांच्या अंगावर साल्मोनेला (पोट बिघडवणारा जंतू) असू शकतो. माझ्या सासूबाईंचे सोवळ्याचे नियम इतकी वर्षं मला जाचक वाटायचे, आता तेच नियम मी मुलाला शिकवतेय, याला शिवलं तर त्याला शिवू नकोस.

एप्रिलमध्ये सुतारकाकांकडून चार फूट बाय दोन बाय दोनची पेटी करून घेतली, पुढे सरकत्या काचा, काचेला कुलूप, कारण साप जराशा फटीतून निघून जातो आणि मग दांडिया बाजारातल्या जुन्या घरात शोधत बसा. सुतारकाकांनी विचारलं, "बेन, मंदिर बनाववानुं छे?" मी हो म्हटलं, उगाच लाकूड सोडून पळाले असते तर. वॉर्निशचा वास पूर्ण जाईपर्यंत तीन आठवडे गच्चीवर ठेवली होती.

आणि मग आला आपला मे महिना. इथे मात्र वाचलेलं काही कामाला येईना, कारण हे सगळं लिहिणारे लोक थंड देशातले, त्यांना गरम कसं ठेवायचं याचीच पडलेली, आणि इथे बाहेर ४३, पॅड कधीच बंद, आणि गार बाजू दुपारी ३४ दाखवतेय. ३५ च्या वर बराच वेळ राहिलं तर त्यांचा जीव जाऊ शकतो. पहिल्या दिवशी मी एसीत नेऊन ठेवली तर ओलावा तीसवर आला. शेवटी आपला लोखंडी कूलर! कूलर ओली हवा फेकतो, माणसाला चिकचिक होते ती हिला हवीच असते. झोत पेटीवर नको, समोरच्या भिंतीवर मारायचा, खोली २९-३० ला आणि ओलावा पासष्टला, दोन्ही कामं एकात. गार बाजूच्या मातीच्या कुंडीवर ओलं फडकं, माठाचं पाणी जसं गार होतं तसंच ते. लाइट गेली तर फ्रीजरमध्ये दोन बाटल्या पाणी गोठवून ठेवलेल्या असतात (उंदरांच्या शेजारी, हो), फडक्यात गुंडाळून पेटीच्या छपरावर. जुन्या घराच्या जाड भिंतींना मी आयुष्यभर नावं ठेवली, मेमध्ये त्यांनीच वाचवलं. फ्लॅटमध्ये वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी हा प्राणी घ्यायच्या आधी एक उन्हाळा थर्मामीटर लावून बघा, मग ठरवा.

घेताना आणखी एक बघा, या नीट ठेवल्या तर वीस-तीस वर्षं सहज जगतात. अमेरिकेत सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात १९६१ ला आलेल्या एका मादीने २०२० मध्ये अंडी घातली. मुलाला सांगितलं तर म्हणाला, म्हणजे माझ्या लग्नाला भाकरवडी असणार. नवरा काही बोलला नाही, पेपर वर घेतला फक्त.

आता श्रावणाची चर्चा सुरू झालीये. आमची नागपंचमी श्रावण शुद्ध पंचमीला, शेजारच्या शांताबेनची श्रावण वद पंचमीला, त्यामुळे हिला दोन-दोन नागपंचम्या मिळणार आणि दोन्ही घरांतून दुधाची वाटी यायची शक्यता आहे. साप दूध पीत नाही, तहानेने कासावीस असेल तर समोर येईल ते पितो आणि ते त्याला पचत नाही, हे मी शांताबेनना सांगून ठेवलंय. त्या म्हणाल्या, मग फुलं चालतील ने? फुलं चालतील. पेटीच्या बाहेर.

सासूबाई अजून तिला हात लावत नाहीत. पण स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, दूधवाल्याच्या खाड्यांच्या वरच्या कोपऱ्यात, पेन्सिलीने बारीक लिहिलेलं असतं, "भा. जेवली". मार्चपासून सात वेळा आहे. परवा मी फ्रीजरमधून उंदीर काढायला निघाले तर त्यांनी हाताने थांबवलं आणि कॅलेंडरवर बोट ठेवलं, उद्या संकष्टी. गणपतीच्या दिवशी उंदीर नाही. मी म्हटलं आई, तिचा दिवस आहे उद्या. तर म्हणाल्या, "एकोणसाठ दिवस राहिली ना? एक दिवस अजून राहील."

उंदीर आतच ठेवला. मंगळवारी देईन.